डॉक्टरांना सरळ विचारलं तर ते दुखावतील का?

प्रश्न : मी ३९ वर्षांची आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, शिवणकाम करते, दोन मुलं आहेत. वर्षभरापासून पाळीत खूप जातं, सात-आठ दिवस थांबत नाही, जिना चढताना दम लागतो. आमचे फॅमिली डॉक्टर अठरा वर्षांपासून आमचं घर सांभाळतात. सासऱ्यांच्या वेळी रात्री दोन वाजता धावत आले होते. त्यांनी सोनोग्राफीला पाठवलं, गर्भाच्या पिशवीत अडीच सेंटिमीटरची गाठ निघाली. मग चिठ्ठी देऊन एका हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, पिशवी काढून टाका, सोबत अंडाशयंही काढू, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. पॅकेज ४५ हजार, पुढच्या गुरुवारची तारीख. शेजारचा मुलगा सोनोग्राफी सेंटरवर कामाला आहे. तो म्हणाला, "काकू, तुमच्या डॉक्टरांना पेशंटमागे पाकीट जातं." तेव्हापासून झोप नाही. भाऊ म्हणतो, पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात चल, तिथले डॉक्टर पगारी असतात. सासूबाई म्हणतात, देवमाणसावर संशय घेऊ नको. डॉक्टरांना सरळ विचारलं तर ते दुखावतील. दुसरीकडे गेले तर उद्या लेकराला ताप आल्यावर कुठल्या तोंडाने त्यांच्या दारात जाऊ? — एक भगिनी

उत्तर :

ताई, गुरुवारची तारीख पुढे ढकला.

तुम्हाला न तपासता मी हे सांगते आहे, म्हणून नीट समजून घ्या. ऑपरेशन कधीच लागणार नाही, असं मी म्हणत नाही. पण तुम्ही जेवढं लिहिलं आहे त्यात गुरुवारीच करावं अशी घाई मला कुठे दिसत नाही, आणि पिशवी एकदा काढली की काढली. थांबायचं कधी नाही तेही सांगते. तासाला एक पॅड भिजायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली किंवा बसल्या जागी धाप लागली, तर बाकी सगळे विचार बाजूला ठेवून जवळचा दवाखाना गाठा.

अडीच सेंटिमीटरची गाठ म्हणजे मोठ्या बोराएवढी. तुमच्या वयाच्या कितीतरी बायकांच्या पिशवीला अशी गाठ असते आणि त्यांना पत्ताही नसतो. अशा गाठीचा कॅन्सर होणं अत्यंत विरळा. ती नेमकी कुठे आहे, आतल्या अस्तराजवळ की बाहेरच्या अंगाला, यावर ती रक्तस्रावाला कारण आहे की नाही हे ठरतं. तुमच्या पत्रात हिमोग्लोबिनचा आकडा नाही, थायरॉईडच्या तपासणीचा उल्लेख नाही, पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडाची तपासणी, झाला का ते नाही. थायरॉईड बिघडल्यानेही पाळीत खूप जातं, आणि त्यावर गोळी आहे. चाळिशीच्या आसपास एवढं जात असेल आणि वजन जास्त किंवा मधुमेह असेल, तर अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. कॅन्सरची भीती घालण्याआधी करायची तपासणी ती आहे. बहुतेक जणींचा रक्तस्राव आधी गोळ्यांनी आटोक्यात आणून बघतात. नाहीच आला तर हार्मोनची तांबी बसवता येते, ती काही वर्षं काम करते. सोबत लोहाच्या गोळ्या. दम लागतो तो बहुधा रक्त कमी झाल्यामुळे, आणि हे तर आज सकाळीच तपासता येईल.

अंडाशयांचं मला जास्त वाईट वाटलं. ३९व्या वर्षी दोन्ही अंडाशयं काढणं म्हणजे एका दिवसात पाळी जाणं. अंगातून वाफा येतात, झोप उडते, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. आई, मावशी, बहीण यांच्यापैकी कुणाला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर वेगळा विचार करावा लागतो. तसं काही नसताना "सोबत तीही काढू" हे वाक्य इतक्या सहज कुणी बोलू नये.

आता पाकिटाविषयी. मी अठ्ठावीस वर्षं तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस केली, म्हणून हे ऐकीव सांगत नाही. दवाखाना सुरू करून तीन महिने झाले होते, भाडं थकलं होतं. महिनाअखेरीला एका तपासणी केंद्राचा माणूस आला, चहा प्यायला आणि टेबलावर लिफाफा ठेवून गेला. आत पैसे आणि एक यादी : पेशंटचं नाव, तपासणी, माझी रक्कम. मी ते पैसे घेतले. सहा महिने घेतले. मग एका यादीत आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंचं नाव आलं. तिला तपासणीला मीच पाठवलं होतं, आणि तपासणी खरोखर गरजेची होती. पण तिच्या बिलातला एक हिस्सा माझ्या टेबलावर पडला होता, आणि उद्या सकाळी मी तिच्याकडून भांडी घासून घेणार होते. त्या दिवसापासून मी प्रत्येक चिठ्ठीवर लिहायला लागले : "कट नको, पेशंटच्या बिलातून वजा करा." दोन केंद्रांनी खरंच वजा केलं. तिसऱ्याने माझ्या पेशंटना ताटकळत ठेवायला सुरुवात केली.

हे तुम्हाला एवढ्यासाठी सांगते की पाकीट घेणारा माणूस रात्री दोनला धावून येणारा असू शकतो. तुमच्या सासूबाई खोटं बोलत नाहीत, आणि शेजारचा मुलगाही बोलत नसेल. त्या सहा महिन्यांत मी वाईट डॉक्टर होते असं मला वाटत नाही. पण तपासणी करावी की चार दिवस थांबावं, अशा काठावरच्या वेळी माझा हात चिठ्ठीच्या पॅडकडे जरा लवकर जायचा. मला ते तेव्हा कळलंही नाही. यादीतलं ते नाव वाचल्यावर कळलं.

नियम तर स्वच्छ आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ सालच्या आचारसंहितेप्रमाणे पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेणं आणि देणं, दोन्हीला मनाई आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामासाठी आपण त्यांना ओळखतो, त्यांना एका पेशंटला एमआरआयला पाठवल्याबद्दल तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा चेक आला. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार केली. चेकने पैसे येतात, म्हणजे देणाऱ्याला त्यात लपवण्यासारखंही काही वाटत नव्हतं. २०१७ साली राज्य सरकारने कट प्रॅक्टिस, म्हणजे हीच कमिशनची पद्धत, रोखण्याच्या कायद्याचा मसुदा तयार करवून घेतला. त्याचा कायदा मात्र झाला नाही.

हे एवढं मुरलं कसं, याचं एक कारण मला आपल्या सगळ्यांना सांगायचं आहे, आणि त्यात तुम्ही-आम्ही पेशंटही आलो. तालुक्याच्या गावात फॅमिली डॉक्टरची फी किती असते? औषधासकट शंभर रुपये, फार तर दीडशे. तेवढ्यात जागेचं भाडं, कंपाउंडर, गोळ्या, आणि शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता. माझ्याकडे लोक यायचे, मी वीस मिनिटं बोलायचे, सांगायचे की सलाईनची गरज नाही, दोन दिवस पातळ खा, पाणी पीत राहा. उठताना ते विचारायचे, "मग सुई नाही देणार?" आणि सुई नाही म्हटल्यावर पाकिटातून पैसे काढताना हात जड व्हायचा. सलाईन लावलं की तोच माणूस तीनशे रुपये आनंदाने द्यायचा. "तुम्हाला काही करायची गरज नाही" हे ऐकायचे पैसे द्यायला आपण कचरतो. मग डॉक्टर जगतो कशावर? चिठ्ठीवर. ते पैसेही शेवटी आपल्याच खिशातून जातात, फक्त आपल्याला न दिसता, आणि फीत पंचवीस रुपये जास्त द्यायच्या जागी पाचशे होऊन. यामुळे पाकीट घेणं बरोबर ठरत नाही. पण डॉक्टरांना वाईट ठरवून हा प्रश्न सुटणार नाही, हे तुम्ही मनात ठेवा, कारण पुढे त्यांच्याशी बोलायचं आहे.

आता त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांच्या बाजूने बघा. तुम्हाला सहा महिने गोळ्या द्यायच्या तर त्यांना चार वेळा तपासणी फी मिळेल. पिशवी काढली तर ४५ हजार, त्यातून भूल देणाऱ्यांचे, ऑपरेशन थिएटरचे, औषधांचे, आणि पाठवणाऱ्याचा वाटा असेल तर तोही. दोन्ही मार्ग वैद्यकशास्त्रात बसत असतील, तेव्हा तराजू कुणीकडे झुकेल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशभरातल्या खासगी रुग्णालयांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसली, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. सगळा फरक पैशाचा नाही. खासगीत जाणाऱ्या बायका वेगळ्या असतात, काही स्वतःच मागतात, रात्रभर कळा बघत बसायला माणसं नसतात. तरी बायकांची शरीरं रुग्णालयाच्या फाटकाशी इतकी बदलत नाहीत.

आणि पिशवीचं म्हणाल, तर तुमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात काय झालं ते तुम्हाला ठाऊकच असेल. २०१९ साली विधिमंडळात सरकारने सांगितलं की तीन वर्षांत त्या जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींना पिशवी नव्हती. याचा सगळा दोष डॉक्टरांवर टाकणं अन्यायाचं होईल. फडावर ना संडास, ना पाणी, ना आडोसा. पाळीत एक दिवस घरी राहिलं की खाडा पडतो आणि दंड उचलीत, म्हणजे मुकादमाकडून आधीच घेतलेल्या पैशांत, वाढतो. एकदाची कटकट संपू दे, असं बायका स्वतःच म्हणत होत्या. पण अंगावरून पांढरं जातंय म्हणून आलेल्या तिशीच्या बाईला "कॅन्सर होईल" म्हणणारा माणूस पांढऱ्या कोटातच होता. तुम्हाला ऐकवलेलं तेच वाक्य. त्यानंतर बीडमध्ये पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायचा नियम आला, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितली. त्यांत चाळिशीच्या आतल्या बायकांवर विशेष लक्ष ठेवायचं आहे. तुम्ही ३९च्या आहात.

तुमच्या भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. डॉक्टर पगारी असेल तर तुमच्या ऑपरेशनमधून त्याला वेगळं काही मिळत नाही. पण मोठ्या खासगी हॉस्पिटलातला प्रत्येक डॉक्टर तसा पगारी नसतो. माझी भाची अशाच एका ठिकाणी रुजू झाली. पहिली दोन वर्षं मिनिमम गॅरंटी, म्हणजे ठरलेली रक्कम. पुढे तिच्या पेशंटच्या बिलांतून वाटा, असा करार. दर महिन्याला बैठक : ओपीडीत किती आले, त्यांतले किती भरती झाले, किती ऑपरेशनला गेले. त्याला तिथे "कन्व्हर्शन" म्हणतात. कमी पडलं की कुणी ओरडत नाही, फक्त तक्ता दाखवतात. तिने दीड वर्षात ती नोकरी सोडली. सगळी मोठी हॉस्पिटलं अशीच असतात असं मी म्हणणार नाही, पण संगमरवरी फरशी बघून पैशाची वाट कळत नाही, एवढं खरं.

एकदम निर्मळ पद्धत कुठलीच नाही. मुंबईत गिरणगावात ईएसआयचे, म्हणजे कामगार विमा योजनेचे, पॅनेल डॉक्टर असायचे. त्यांच्या नावावर जेवढे कामगार, त्या हिशेबाने वर्षाचे ठरावीक पैसे. तिथे जादा तपासणीचा मोह नव्हता, पेशंटला दोन मिनिटांत वाटेला लावायचा मोह होता. राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत आजारामागे पॅकेज ठरलेलं असतं, म्हणून काही ठिकाणी खर्चाचा पेशंट नको असतो आणि सोपा हवा असतो. सरकारी दवाखान्यात दहा बघितले काय आणि शंभर बघितले काय, पगार तोच. म्हणून तिथे रांग असते, वैताग असतो, ऑपरेशनची तारीख महिन्यांनी मिळते. पण तुम्हाला आज हवं आहे ते ऑपरेशन नाही, मत हवं आहे. आणि मतासाठी ज्याला तुमच्या पिशवीतून एक रुपयाही सुटणार नाही असा माणूस सगळ्यात चांगला.

म्हणून पुण्याला जाण्याआधी सोलापूरच्या सिव्हिलला किंवा लातूर, अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग ओपीडीत जा. सकाळी लवकर निघा, केसपेपर काढा, दिवस मोडेल असं समजून डबा न्या. सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि फिल्म न्या, हॉस्पिटलची चिठ्ठी घरी ठेवा. आधीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते सुरुवातीला बोलू नका, त्यांचं मत होऊ दे, मग सांगा. ज्येष्ठ डॉक्टरांनी बघावं असा आग्रह धरा, शिकाऊ डॉक्टरांवर थांबू नका. पुढे ऑपरेशन लागलंच तर ते फुले योजनेत कुठे आणि कसं बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा. सरकारी रांग जमणारच नसेल तर ओळखीच्या एखाद्या खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, पण आत शिरल्या शिरल्या सांगा : "डॉक्टर, ऑपरेशन लागलं तरी मी ते इथे करणार नाही, मला फक्त तुमचं मत हवं आहे, त्याची फी देते." हे म्हणायला जड जाईल. पण त्या एका वाक्याने समोरच्या माणसाला खुलेपणाने बोलता येतं. मला स्वतःला पेशंटनी असं सांगितलेलं आवडायचं.

त्यांना एकच प्रश्न नक्की विचारा : "औषधं घेऊन मी सहा महिने थांबले, तर माझं नेमकं काय बिघडेल?" चांगला डॉक्टर याचं उत्तर देतो. कधी ते उत्तर "थांबू नका" असंही असेल. अस्तराच्या तपासणीत काही वाईट निघालं, गाठ मोठी होऊन औषधांना दाद देत नसेल, रक्त भरावं लागत असेल, तर ऑपरेशन करावं आणि निर्धास्त मनाने करावं.

दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो लिहिलेला आहे, आणि औषध किंवा तपासणी कुठून घ्यायची हे ठरवण्याचा हक्कही. महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी रुग्णालयांनी ही सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं आहे. त्या हॉस्पिटलात दिसलं का, आठवून बघा. आणि कुठेही ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करायची वेळ आली, तर आत काय काय काढणार ते मराठीत वाचून दाखवायला सांगा. अंडाशयं नको असतील तर "अंडाशयं काढू नयेत" असं तुमच्या हाताने लिहा. दिल्लीतली एक बाई फक्त दुर्बिणीतून तपासणीसाठी टेबलावर गेली होती, भूल दिलेली असताना तिच्या आईची सही घेऊन पिशवी आणि अंडाशयं काढली गेली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते बिनसंमतीचं ठरवलं. सज्ञान आणि एरवी शुद्धीत असलेल्या बाईची संमती तिचीच लागते, तात्पुरती भूल दिलेली असली तरी. नवऱ्याची चालत नाही, सासूबाईंचीही नाही.

राहिले तुमचे डॉक्टर. त्यांना पाकिटाबद्दल विचारू नका, निदान आज तरी नाही. घेत नसतील तर दुखावतील, घेत असतील तर खोटं बोलावं लागेल, आणि दोन्हींत तुमच्या पिशवीचा प्रश्न तिथेच राहील. त्याऐवजी गर्दी नसताना जा आणि म्हणा : "डॉक्टर, मला ऑपरेशनची भीती वाटते. सिव्हिलला एकदा दाखवून येते. पण त्याआधी तुम्ही माझं रक्त आणि थायरॉईड बघा, आणि तुमच्या बहिणीला हे सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं तेवढं सांगा." अठरा वर्षं तुमच्या घरी येणारा माणूस या प्रश्नावर क्षणभर थांबेल, असं मला वाटतं. तो थांबला तर त्याला बोलू द्या. उठताना, औषध दिलं नसलं तरी, तपासणीची पूर्ण फी टेबलावर ठेवा. ते "राहू द्या" म्हणतील. ठेवाच. रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी देताना "आमच्या बिलात काही सवलत होईल का, तेवढं लिहा" असंही म्हणून बघा. त्यांना समजेल, आणि तुम्ही काही आरोप केलेला नसेल.

लेकराला ताप आला तर त्यांच्याच दारात जा. दुसरं मत घेऊन आलेल्या पेशंटला मी कधी परत पाठवलं नाही, आणि मला माहीत असलेल्या चांगल्या डॉक्टरांपैकीही कुणी नाही.

हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉईडची तपासणी) यांचे आकडे आले की मला लिहा. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये अस्तराची जाडी मिलिमीटरमध्ये दिलेली असते, तीही लिहा, आणि पाळीच्या कितव्या दिवशी सोनोग्राफी झाली ते आठवत असेल तर तेही. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, त्याच दिवशी सिव्हिलला निघा.